गंगम्माची रांझमाँ

साखर पेठेत वीरभद्रप्पा मालकांचा चादरींचा कारखाना होता. बारा माग. पुढं ऑफिस, मधे मागांची शेड आणि शेडच्या मागं एक लांबट खोली. त्या खोलीत गंगम्मा असायची. मी ऑफिसात मागवाल्यांच्या कामाच्या चिठ्ठ्या लिहायला होते, त्यामुळं आमची रोज गाठ पडायची.

आधी खोलीचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चादरीवर मोर, हत्ती, बेलपान असं जे डिझाईन उठतं, ते मागाच्या डोक्यावर बसवलेल्या पुठ्ठ्यांवरून. हातभर लांबीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात, त्यांना बारीक भोकं पाडलेली असतात आणि अशा शे-दोनशे पट्ट्या दोरीनं एकीला एक ओवून त्यांची माळ करतात. कोणता धागा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे मागाला त्या भोकांवरून कळतं. एक डिझाईन म्हणजे एक माळ. काम झालं की ती उतरवायची, घडी घालून बांधायची आणि परत लागेल तोवर जपायची. ओल लागली तर पुठ्ठा फुगतो. उंदीर लागला तर मोराची मानच जाते. आमच्याकडं अशा सत्त्याण्णव माळा होत्या, आणि त्या सगळ्या गंगम्माच्या ताब्यात.

त्या माळा तिच्या नवऱ्यानंच केलेल्या. कल्लप्पा पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा आणि ती शेजारी बसून ओवायची. तो गेल्यावर मालकांनी खोलीची किल्ली तिच्याकडं दिली. मी कामाला लागले तेव्हा ती पंचावन्नच्या पुढं असेल. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, इरकली लुगडं. घरी कानडी, कारखान्यात मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम.

माळा भिंतीवरच्या लाकडी खुंट्यांना टांगलेल्या असायच्या. मागावरनं निरोप आला की गंगम्मा उठायची, सरळ चालत जायची, हात वर करायची आणि माळ काढून द्यायची. दिवा लावायची नाही. खोलीला एकच झरोका, तोही जाळीचा. सहा नंबरच्या मागावरचा निंगप्पा तिला चिडवायचा, “अव्वा, तुजं आन् मांजराचं काय नातं हाय?” ती म्हणायची, “हाय की. मांजर उंदराला धरतंय आन् मी तुला.”

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते, जी मला तेव्हा माहीत नव्हती. गंगम्माला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. उजेड आणि सावली, माणूस आहे की खांब आहे, एवढंच समजायचं. कुणाला कळलं तर किल्ली जाईल, आणि किल्ली गेली तर कल्लप्पाच्या हातचं जे काही उरलं होतं तेही जाईल, म्हणून तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. ती खोली इतकी लावलेली होती ती त्यामुळं. आम्ही मात्र म्हणायचो, काय टापटीप बाई आहे.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर कारखान्यात एक फ्रेंच बाई आली. हे पुठ्ठ्यांचं यंत्र मुळात त्यांच्या देशातलं, ते सोलापुरात अजून कसं चालतं ते बघायला आली होती. बरोबर कॉलेजातले इंग्रजीचे सर होते. तिनं माग बघितले, मान हलवली, काहीबाही लिहून घेतलं. पण मागच्या खोलीच्या दारात आली आणि थांबलीच. ओळीनं टांगलेल्या माळा, माळांना वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्यांच्या गाठी, खाली शेणानं सारवलेली जमीन. ती बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग हळूच एक शब्द म्हणाली. तो मला ‘रांझमाँ’ असा ऐकू आला.

सरांनी समजावून सांगितलं. वस्तू आवरणं, ज्या त्या जागी लावणं आणि नीट साठवून ठेवणं, हे सगळं मिळून त्यांच्यात हा एक शब्द आहे. ठेवायच्या जागेलाही तोच म्हणतात. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतही पूर्वी ‘रेंजमेंट’ असा अगदी तसाच शब्द होता, पण तो वापरातून गेला. मोठ्या डिक्शनरीत असे गेलेले शब्द असतात, त्यांच्यापुढं कबरीवर असते तशी क्रुसासारखी खूण करतात.

गंगम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, “इंग्रजाचा शब्द गेला कुटं?”

मी म्हटलं, “हरवला म्हणे.”

“म्हंजे नीट ठिवला नसंल की,” ती म्हणाली.

सरांनी ते त्या बाईला सांगितलं. ती एवढी हसली की तिला डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून शब्द कारखान्यात राहिला. निंगप्पा ओरडायचा, “अव्वा, रांझमाँतनं कोयरी काढ.” इंग्रजांनी टाकलेला शब्द आमच्या साखर पेठेत पुढं बरीच वर्षं चालला.

पण त्या कौतुकानंच घात केला. दुसऱ्या आठवड्यात सरांचा निरोप आला की बाई गुरुवारी परत येणार आहेत, कॅमेरा घेऊन, खास त्या खोलीचे फोटो काढायला. वीरभद्रप्पा मालक माणूस चांगला, पण हौशी. परदेशात आपल्या कारखान्याचा फोटो जाणार, तर खोली अशी अंधारी, शेणानं सारवलेली कशी चालेल? त्यांनी लोखंडी मांडण्या करायला टाकल्या, ट्यूबलाईट आणली, चुना भिजत घातला, ऑफिसच्या दाराला नवी पायरी बसवली. गंगम्मा तेव्हा भाच्याच्या लग्नाला अक्कलकोटच्या पलीकडं गावी निघाली होती, चार दिवस. जाताना किल्ली माझ्याकडं देऊन म्हणाली, “मी येईस्तवर हात लावू नका बाई.” मी मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “गुरुवार थांबणार आहे का तिच्यासाठी? आणि ती आल्यावर बघेल तर खूशच होईल. तुम्हीच करा, तुम्हाला वाचता येतं.”

मला खरं म्हणजे हौसच आली. मी दोन दिवस पदर खोचून राबले. माळा खाली काढल्या, धूळ झटकली. प्रत्येक माळेच्या पहिल्या पुठ्ठ्यावर ऑफिसनं मागाहून दिलेला नंबर होता, फुलं एकीकडं, जनावरं एकीकडं, असा. त्या नंबरानं मी सगळ्या माळा मांडणीवर लावल्या. आणि त्या चिंध्या. जुन्या लुगड्यांचे काठ फाडून केलेल्या, विटलेल्या, कुठं एक गाठ, कुठं दोन, कुठं तीन. चुन्याच्या पांढऱ्या खोलीत त्या अगदी भिकार दिसत होत्या. मी दुकानातून पांढऱ्या नाडीची गुंडी आणली, सारखे तुकडे कापले आणि सत्त्याण्णव माळा सारख्या बांधल्या. चिंध्यांचं गाठोडं घरी नेलं आणि सकाळी पाण्याच्या बंबात घातलं. वाया कशाला घालवायचं.

गुरुवारी बाई आली. दारात उभी राहिली. मी वाट बघत होते की आता तो शब्द म्हणेल. तिनं सरांना काहीतरी विचारलं, सरांनी मालकांकडं बघितलं, आणि तिनं सभ्यपणानं एक फोटो काढला. एकच. मग मागांचे पुष्कळ काढले. मला तिचा रागच आला.

शुक्रवारी गंगम्मा आली. तिच्या ओटीत लग्नाच्या बुंदीचा पुडा होता. ती खोलीत गेली, सवयीनं पाच पावलं चालली आणि मांडणीच्या लोखंडावर तिचं कपाळ आपटलं. मी धावले. “काय न्हाई, घाईत लक्ष न्हवतं,” ती म्हणाली. मग तिनं हात लांब करून एक माळ चाचपली, दुसरी चाचपली. बोटं नाडीवरून पुन्हापुन्हा फिरवली.

“चिंद्या कुटं हायत?”

“अहो, किती घाण झाल्या होत्या. मी बंबात घातल्या.”

तिनं मांडणीवरचे हात काढून घेतले. मग म्हणाली, “पानी तरी चांगलं तापलं का?” आणि बुंदीचा पुडा माझ्या हातात दिला.

मी हसले. देवा, मी हसले.

त्यानंतरचे काही दिवस खोलीचं दार लोटलेलं असायचं. ती आत पहिल्या पुठ्ठ्यांवर बोटं फिरवत बसायची. कुणी विचारलं तर, साफ करते म्हणायची. स्वतः ओवलेली माळ तिला हाताला ओळखू यायची, पण त्याला वेळ लागायचा, आणि मागाला वेळ नसतो. एखादी माळ द्यायला उशीर झाला की निंगप्पा म्हणायचा, “अव्वा, ट्यूबलाईट लावल्यापासनं तुजं मांजरपण गेलं की.” ती उलट बोलायची नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दहा दिवसांनी, सोमवारी, एका मठाकडून बेलपानाच्या चादरींची मागणी आली. मी चिठ्ठी लिहिली: सहा नंबर माग, बेलपान. चिठ्ठी निंगप्पाकडं गेली, निंगप्पानं माळ मागितली, गंगम्मानं दिली. संध्याकाळी मालक फिरत फिरत शेडमधे गेले तर सहा नंबरवर हत्ती चालले होते. एकामागं एक, भगव्या रंगात. तीन चादरी पुऱ्या झालेल्या, चौथी मागावर.

मालकांनी चिठ्ठी मागवली. चिठ्ठीत बेलपान. माझा जीव भांड्यात पडला. माझी चूक नव्हती. त्यांनी निंगप्पाला विचारलं, “तुला वाचता येतं ना? पहिल्या वितीलाच दिसलं नाही, हे पान नाही सोंड आहे म्हणून?”

निंगप्पा म्हणाला, “दिसलं की.”

“मग?”

मला पुढं त्यानं सांगितलं, ते त्या वेळी त्याच्या तोंडून निघालं नाही. चिठ्ठी आणि माळ जुळत नाहीत हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं. पण गंगम्मा कधी चुकत नाही. तेव्हा चिठ्ठीच चुकली असणार, मुक्ताबाईंनी, म्हणजे मी, घाईत लिहिलं असणार, असं म्हणून त्यानं दिवसभर हत्ती विणले. माझ्या अक्षरापेक्षा तिच्या हातावर त्याचा विश्वास जास्त. आणि आता मालकांसमोर माळ अव्वानं दिली असं म्हणायला त्याची जीभ उचलेना. तो म्हणाला, “माजीच चूक झाली.” मठाचं काम, दिवस फुकट गेलेला, मालक चिडलेले. त्यांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

मंगळवारी सकाळी सहा नंबर बंद होता. गंगम्माला आवाजानंच कळलं. बारा मागांत एक कमी असला तरी तिला कळायचं. तिनं मला बोलावून विचारलं, सहा का बंद आहे? मी सगळं सांगितलं. ती भिंतीला हात टेकून खाली बसली.

“निंगप्पानं काय सांगितलं?”

“माझी चूक म्हणाला.”

ती जप करू लागली. गळ्यातलं लिंग मुठीत धरलेलं, ओठ हलत होते. मी निघून जावं की थांबावं मला कळेना. मग ती उठली आणि म्हणाली, “चला बाई, मालकाकडं. माजा हात धरा. ती नवी पायरी मला गावत न्हाई.”

तिचा हात धरला आणि तेव्हा मला कळलं. तिनं काही सांगितलं नाही, पण पायरीपाशी तिचा पाय ज्या तऱ्हेनं हवेत थांबला, त्यावरून कळलं. कपाळावर आपटलेलं लोखंड, बोटांनी चाचपलेली नाडी, बंबातलं पाणी. सगळं एकदम.

मालक ऑफिसात देवाच्या फोटोला उदबत्ती लावत होते. गंगम्मा दारातच उभी राहिली.

“मालक, निंगप्पाची चूक न्हाई. माळ मी दिली. मला दिसत न्हाई.”

मालकांनी उदबत्ती तशीच हातात धरली. “कधीपासनं?”

“बहात्तरच्या दुष्काळाच्या आदीपासनं.”

“मग एवढी वर्षं माळा कशा दिल्यास?”

“चिंद्यावर. ज्या साली ह्यांनी डिझाईन केलं, त्या सालच्या माज्या लुगड्याचा काठ बांदत हुते. हाताला काठ लागला की साल कळतंय. साल कळलं की डिझाईन. गाठीवरनं त्यातलं कुटलं ते.”

मी मधे बोलले. माझं बोलायचं काम नव्हतं, पण बोलले. म्हटलं, त्या चिंध्या मी जाळल्या, तुम्ही सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनानं जाळल्या. दुष्काळापासून तीन वर्षं एक माळ चुकली नाही, चुकली ती मी आवरल्यावर चुकली.

मालक खुर्चीत बसले. त्यांनी आधी माणूस पाठवून निंगप्पाला बोलावून घ्यायला सांगितलं. कल्लप्पा आणि ते एका गल्लीत वाढलेले. शेवटी म्हणाले, “बार्शीला माघात डोळ्यांचं शिबिर आहे. जाऊन ये. खोलीचं मग बघू.”

हे ‘मग बघू’ गंगम्मानं बरोबर ऐकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, डोळ्याचं शिवाच्या मनात असेल तसं होऊ दे, पण जायच्या आधी खोली लावून जाणार. कुणाच्या का हातात जाईना, लावलेली जाऊ दे. पण त्यासाठी जे आजवर फक्त तिच्या हातांना ठाऊक होतं, ते तिला मला सांगावं लागणार होतं.

आम्ही आठ दिवस दुपारच्या सुट्टीनंतर बसलो. मी माळ तिच्या मांडीवर ठेवायची, ती पहिल्या दोन-चार पुठ्ठ्यांवरून बोटं फिरवायची आणि सांगायची. “बेलपान. लग्नाचं साल. हिरवं लुगडं, लाल काठ.” मी माळ मांडणीच्या पहिल्या कप्प्यात ठेवायची. “कोयरी. त्या साली सिद्धेश्वराच्या जत्रेत ह्यांचा पाय मुरगळला. घरी बसून केली.” दुसरा कप्पा. “हत्ती. हत्तीवरनं आमची भांडणं झाली.” कशावरून म्हणून मी विचारलं तर नुसती हसली. चिंध्या परत बांधू का, माझ्या जुन्या लुगड्यांच्या, असं मी भीतभीत विचारलं. ती म्हणाली, तुमच्या लुगड्यावरनं मला कसलं साल कळणार? राहू दे पांढरी नाडी.

एका जागी तिनं हात अडवला. म्हणाली, हा कप्पा मोकळा ठेवा. मी विचारलं, कुठली माळ राहिली का?

“न्हाई. आमची पार्वती गेली त्या साली. ह्यांनी काय केलं न्हाई. पोरगी सात वर्षांची हुती.”

मी तो कप्पा पुसला आणि पुढच्यात माळ ठेवली.

सगळं लावून झाल्यावर मी वहीत क्रम लिहून घेतला आणि तिला वाचून दाखवला. एक चूक निघाली, तीही माझी. मग तिनं किल्ली माझ्या हातात दिली, मांडणीला हात लावून नमस्कार केला आणि बार्शीच्या एस.टी.ला गेली.

उजवा डोळा केला. महिनाभर वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, ओझं उचलायचं नाही. मी दर शुक्रवारी तिच्या घरी जायची. ती पाटावर ताठ बसून लिंगपूजा करायची आणि संपली की पहिला प्रश्न, “ओल न्हाई ना आली?” मी दर शुक्रवारी नाही म्हणायची. घरी आले की देवापुढं दिवा लावताना माझ्या माणसांच्या बरोबर तिच्या त्या एका डोळ्याचंही मागून घ्यायची. गुन्हेगार होते मी, दुसरं काय करणार.

मधल्या काळात मालक एकदा खोलीत आले. मला म्हणाले, चांगली लावली आहे, तुम्हीच सांभाळा आता कायमची. मी म्हटलं, मालक, मला यातलं दर साली काय झालं ते पाठ आहे, पण ती सालं माझी नाहीत. आणि चिठ्ठ्या कोण लिहील? ते दाराकडं वळले. जाताना त्या मोकळ्या कप्प्यापाशी थांबले. पार्वतीला त्यांनी पाहिलं होतं. खांद्यावर घेऊन जत्रेला नेलेलं होतं. मला हे त्यांनी नाही सांगितलं, गंगम्मानं मागाहून सांगितलं. त्या दिवशी ते इतकंच म्हणाले, “तिला सांगा, पाडव्यानंतर ये.”

पाडव्यानंतर गंगम्मा आली. डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा, दोरीनं मागं बांधलेला. निंगप्पानं लांबूनच हाक मारली, “अव्वा, कलेक्टर झालीस की.” मी किल्ली घेऊन उभी होते. ती माझ्यापाशी आली, चष्म्यातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “बाई, तुमी एवढ्या काळ्या असाल असं वाटलं न्हवतं.” तीन वर्षं रोज बोलत होतो, आणि माझं तोंड तिनं त्या दिवशी बघितलं.

किल्ली घेतली, पण खोलीकडं गेली नाही. शेडमधे गेली. सहा नंबरवर त्या दिवशी हत्तीच होते, खऱ्या मागणीचे. ती मागाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं माळा हाताळल्या, पण त्या माळांची चादर तिनं दुष्काळाच्या आधी बघितली होती ती शेवटची. निंगप्पानं न सांगता माग बंद केला. गंगम्मानं चष्मा वर-खाली करून हत्ती बघितला, पायांपासून सोंडेपर्यंत. मग बोट ठेवलं.

“हे बघा,” ती मला म्हणाली, “डोळा किती बारीक ठिवलाय हत्तीला. मी तवाच सांगितलं हुतं, एक भोक जास्ती पाडा. ऐकलं न्हाई माणसानं.”

आणि ती तिथंच उभी राहून कल्लप्पाशी भांडायला लागली, कानडीत. निंगप्पानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. तिचं संपेपर्यंत त्यानं माग सुरू केला नाही.